हळू थांबणारी गाडी

आमच्या डॉक्टरीणबाई म्हशीलासुद्धा अहो म्हणत. बारामतीहून इंदापूरच्या बाजूला निघालं की वाटेत म्हशी आडव्या येणार हे ठरलेलंच. दुसरे मोटारवाले अशा वेळी भोंग्याचा रबरी फुगा दाबून दाबून फाडायची वेळ आणत. बाई काच खाली करत, डोकं बाहेर काढत आणि शांतपणे म्हणत, "अहो, जरा बाजूला होता का? आम्हाला पुढं जायचंय." म्हशी कसल्या बाजूला होतात! त्या रवंथ करत उभ्या राहत. मग कुठून तरी गुराखीच शरमून धावत येई आणि त्यांना हाकलून काढी. बाई त्याचे आभार मानत आणि जाता जाता म्हशींचेही मानत.

मी नर्सिंगची परीक्षा देऊन पुण्याहून बारामतीला त्यांच्या बाळंतपणाच्या दवाखान्यात रुजू झाले, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. स्वातंत्र्य मिळून फार काळ लोटला नव्हता. तालुक्यात बाईमाणूस मोटार चालवतंय हे बघायला माणसं अजून हातातलं काम टाकून बांधावर येत. बाई पन्नाशीच्या, अंगानं वाळक्या, लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला आणि पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट. चपलेतून पेडल कळत नाही असं त्यांचं म्हणणं. गाडी लढाईच्या आधीची, काळी, फुगीर नाकाची. हँडल मारल्याशिवाय ती सुरू होत नसे, आणि ते काम बहुतेक माझ्या वाट्याला येई. नर्सिंगच्या परीक्षेत हे शिकवत नाहीत.

बोलायला बाई फटकळ. गावातल्या एका बड्या असामीनं सुनेला मूल होत नाही म्हणून दवाखान्यात आणलं होतं. बाईंनी सुनेला तपासलं आणि बाहेर येऊन सासऱ्याला सांगितलं, "हिला काही झालेलं नाही. झालंय ते तुमच्या चिरंजिवांना. उद्या त्यांना घेऊन या." त्या घराण्यानं पुढं दवाखान्याची पायरी चढली नाही. मी घाबरले होते. बाई मात्र भुईमुगाच्या शेंगा सोलत म्हणाल्या, "खरं सांगायला आपल्याला दुसरं कुणी ठेवलंय का, नर्सबाई?"

अशा या बाईंचा सगळा जीव एका गोष्टीवर होता, आणि ती गोष्ट म्हणजे ब्रेकचे लायनर. मोटारीच्या चाकात एक लोखंडी डबा असतो. ब्रेक दाबला की दोन जाड पट्टे त्या डब्याला आतून घासतात आणि चाक थांबतं. ते पट्टे म्हणजे लायनर. ही विद्या मला नको असताना मिळाली. लोक गाडीचं इंजिन बघतात, रंग बघतात. बाई म्हणत, "चालते ती गाडी नव्हे, नर्सबाई. थांबते ती गाडी."

लायनर झिजले की नवे निवडायचे, आणि ते निवडणं म्हणजे आमच्याकडं मुलगी बघण्याचा कार्यक्रम असे. पुण्याहून दुकानदार नमुन्याचे तुकडे पाठवी. काही दाबून कडक केलेले, काही पितळी तार घालून विणलेले. बाई पहिल्यांदा वास घेत. मग नखानं खरवडत. मग तो तुकडा स्वयंपाकघरात नेऊन पाट्यावर घासत, आणि बाळंतिणींचा स्वयंपाक करणारी मावशी कपाळाला हात लावून बाहेर जाऊन बसे. मग तुकडा पाण्यात बुडवून पुन्हा घासायचा. शेवटी स्टोव्ह पेटवायचा आणि तुकडा जाळावर धरायचा, तापल्यावर कसा वास येतो ते बघायला. धरायचा कशानं, तर आम्ही बाळंतपणाला वापरतो त्या चिमट्यानं. मी एकदा जोरात बोलले, "बाई, तो चिमटा मी आत्ता उकळलाय." त्या म्हणाल्या, "मग पुन्हा उकळा. पाणी फुकट आहे." मी दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतं बोलत होते. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

गाडीचं काम करणारे मिस्त्री बाजारतळाजवळ बसत. त्यांचं आणि बाईंचं या विषयावर कायम वाजे.

"बाई, ह्ये कडक घ्या," मिस्त्री म्हणत. "दोन वर्सं बघाया नगं. तुमचं त्ये इणलेलं मऊ पट्टं सा म्हैन्यात पार झिजून जातंय."

"कडक लायनर गाडी कशी थांबवतो, मिस्त्री?"

"कशी म्हंजी? जाग्याव. कच्चकन."

"तेच मला नकोय. कुणी झिजायचं ते तुम्ही ठरवा. लायनरनं की बाळंतिणीनं?"

मिस्त्री माझ्याकडं बघत. मी छताकडं बघे. पण एकदा त्यांनी जाता जाता सांगून ठेवलं होतं, "निवडा, निवडा. पर बाई, निवडत बसाल आन एक दिस थांबायचंच ऱ्हाऊन जाईल."

पाट्यावर आणि स्टोव्हवर पास झालेला लायनर गाडीला बसवला, तरी परीक्षा संपत नसे. शेवटचा पेपर माझ्या अंगावर होता. मी मागच्या सीटवर बाळंतिणीसारखं आडवं पडायचं. पोटाला उशी बांधायची, कारण बाईंच्या मते त्या वजनाशिवाय हिसका नीट कळत नाही. मग बाई इंदापूरच्या रस्त्याला गाडी पळवत, मध्येच ब्रेक दाबत आणि विचारत, "कुठं लागलं?" मी सांगायचं, कमरेत, किंवा ओटीपोटात, किंवा कुठंच नाही. एकदा हा प्रकार बाजाराच्या दिवशी झाला. कुणीतरी काचेतून आत डोकावलं, आणि संध्याकाळपर्यंत बारामतीच्या बाजारातून बातमी पसरली की दवाखान्यातली बिनलग्नाची नर्सबाई पोटुशी आहे. माझा थोरला भाऊ पुण्याहून एसटीनं धावत आला. बाईंनी त्याला बसवलं, चहा दिला आणि ती उशी त्याच्या हातात ठेवली. "ही बघा तुमची भाची," म्हणाल्या. भाऊ हसला. मला हसू यायला बरेच दिवस लागले.

हे वेड आलं कुठून, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, चष्मा पुसता पुसता. मी यायच्या आधीची गोष्ट. तेव्हा गाडीवर ड्रायव्हर होता. वडगाव निंबाळकरहून एका बाईला दवाखान्यात आणत होते. तिची वार, म्हणजे नाळ जिला जोडलेली असते ती, खाली होती, बाळाच्या आधी तीच वाट अडवून बसलेली. अशा बाईला हिसका बसला की रक्त सुटतं, आणि मग ते आवरणं कुणाच्या हातात राहत नाही. वाटेत एक बैलगाडी आडवी आली. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. बैल वाचले, गाडीवान वाचला. दवाखान्याच्या दारात पोचले तेव्हा मागच्या सीटवरची बाई गेलेली होती.

"ड्रायव्हरची चूक नव्हती," बाई म्हणाल्या. "गाडी चांगली थांबली. फार चांगली थांबली." मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. त्यानंतरच त्या गाडी चालवायला शिकल्या होत्या. त्या दिवसापासून उशी बांधून झोपायला मी कधी कुरकुर केली नाही.

कळंबला एक आबा होते. पेरूची बाग, थोडी तरकारी, विहिरीवर पाणी ओढायची चामड्याची मोट. त्यांच्या सुनेचं पहिलं बाळंतपण बाईंनीच केलं होतं, म्हणून त्यांचा बाईंवर फार लोभ. त्या बाजूला गेलो की बाई त्यांच्या विहिरीपाशी गाडी उभी करत आणि मोट चाललेली बघत बसत. मोटेचे बैल तिचा दोर, म्हणजे नाडा, ओढत उतारावरून खाली जातात, हे सगळ्यांना आवडतं. बाईंना आवडे ते त्यांचं परत येणं. मोट पुन्हा विहिरीत सोडताना ते बैल वळत नाहीत, तसेच एकेक पाऊल मागं मागं टाकत वर येतात. "बघा, बघा, कसे सोडतायत," बाई म्हणत. "अजिबात हिसका नाही." मला घरी जायची घाई असे.

त्या वर्षी आबांची सून दुसऱ्यांदा गरोदर होती. सातव्या महिन्यात तिला दुखल्याखुपल्याशिवाय थोडं रक्त गेलं. बाईंनी तपासलं आणि त्यांचा चेहरा बदलला. वार खाली होती. "हिला अंथरुणातून उठू देऊ नका," त्यांनी सांगितलं. "दसरा झाला की मी स्वतः येऊन घेऊन जाते. तोवर मला लायनर बदलून घेऊ द्या."

कारण तेव्हा आमचे लायनर संपत आले होते. बाईंनी दोनदा आलेले नमुने परत पाठवले होते आणि जुने खिळ्यापर्यंत झिजले होते. ब्रेक दाबला की फरशीवरून घमेलं ओढल्यासारखा आवाज येई, आणि गाडी बरीच पुढं जाऊन थांबे. शेवटी एक विणलेला तुकडा सगळ्या परीक्षांना उतरला. आबा पेरूच्या पाट्या घेऊन ट्रकनं पुण्याला जाणारच होते. ते म्हणाले, "त्यो तुकडा द्या माज्याकडं. असलंच पट्टं घिऊन येतो. माज्याच सुनंसाठी हाय न्हवं का?" बाईंनी तुकडा अर्धा कापून दिला, अर्धा स्वतःकडं ठेवला. लायनर आणायचं काम त्यांनी दुसऱ्याच्या हाती दिलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

खंडेनवमीच्या दिवशी सकाळी आबांचा मुलगा सायकल मारत बारामतीत आला. बायकोला पुन्हा रक्त जायला लागलं होतं. फार नाही, पण थांबतही नव्हतं. लायनर पुण्याहून आलेत, घरीच आहेत, असंही त्यानं सांगितलं. बाईंनी मिस्त्रींना हत्यारांच्या पूजेवरून उठवलं. तिथंच लायनर बसवायचे आणि सुनेला घेऊन निघायचं असं ठरलं. मिस्त्री पिशवी घेऊन मागं बसले.

कळंबच्या वाटेवर कालव्याचे दोन पूल लागत. पूल उंच, दोन्ही अंगांना खडा उतार, आणि उतार संपतो तिथंच रस्ता कालव्याच्या कडेनं वळायचा. त्या उतारांवर मिस्त्री खाली उतरले आणि चाकापुढं दगड टाकत टाकत त्यांनी गाडी खाली आणली. दर दगडाला माझं डोकं टपाला आपटलं. बाई प्रत्येक हिसका मोजत होत्या हे मला कळत होतं.

आबा अंगणात उभेच होते. घरात नांगराचा फाळ, विळे, खुरपी मांडून पूजा झालेली होती. त्यांनी देव्हाऱ्यापुढून पितळी परात उचलून आणली आणि दोन्ही हातांनी बाईंपुढं धरली. परातीत चारी चाकांचे पट्टे. वर हळदकुंकू, झेंडूची फुलं, आणि सगळं चकचकत होतं.

मिस्त्रींनी पट्टा उचलायला हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला.

बाईंनी एक पट्टा उचलला. सवयीनं नाकाशी नेला. "करडईचं," त्या हळूच म्हणाल्या.

"व्हय," आबा म्हणाले. "घरच्या घाण्याचं हाय. नवं चामडं तेल पाजल्याबिगर वापरत्यात व्हय? मोटंला आमी तसंच करतो. आल्यापासनं बुडवूनच ठिवलं हुतं. पार आतवर मुरलंय बघा. आता काय तडकायचं न्हाय."

आतून सुनेचं कण्हणं ऐकू येत होतं. मी बाईंच्या तोंडाकडं बघत होते. इतकी वर्षं मी त्यांचं बोलणं ऐकलेलं, त्यामुळं आता काय ऐकायला मिळणार याची मला धास्ती वाटत होती. बाईंनी पट्टा परातीत परत ठेवला, फूल सरकलं होतं ते नीट केलं.

"आबा, फार मनापासून केलंत तुम्ही," त्या म्हणाल्या. "पण हे चामडं नाही. याला कोरडंच राहावं लागतं. आता हे चाकाला धरणार नाहीत."

आबा मिस्त्रींकडं वळले. "पुसून घ्या की. न्हायतर उनात घाला."

"न्हाय हुयाचं, आबा," मिस्त्री खाली बघत म्हणाले. "घासून तापलं की त्याल भाईर यायचं."

आबांनी परात खाली ठेवली आणि ओट्यावर बसले. "म्या माज्या हातानं पोरीचा घात केला," एवढंच म्हणाले. सत्तरीचा माणूस, पण त्या वेळी इतका लहान दिसला की मला बघवेना.

"घात अजून झालेला नाही," बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी बैलगाडीचं सुचवलं. बैलगाडीला स्प्रिंगा नसतात, चाकोरीतला दर खड्डा पोटात जातो. मुलगा म्हणाला, बाजेवर घालून पूल ओलांडू. चौघांची पावलं उतारावर सारखी पडत नाहीत, आणि शिवाय दोनदा उचलायचं, दोनदा ठेवायचं. एकदा मोटारीत निजवली की तिला दवाखान्यापर्यंत हलवायचं नाही, यावर बाई ठाम होत्या. सपाट रस्त्याला त्यांना काळजी नव्हती, तिथं गिअरवर हळूहळू जाता आलं असतं. अडत होतं ते त्या दोन उतारांवर.

बाई अंगणातून विहिरीकडं बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आबा, मोट सोडताना तुमचे बैल उलटे चालतात ना?"

आबांनी वर बघितलं. पुढं काही सांगावं लागलं नाही. आबा ओट्यावरून उठले. "आज खंडेनवमी. नाडा, मोट, सगळं पुजलेलं हाय, आज हात कसा लावायचा," मुलगा चाचरत म्हणाला. आबा त्याला म्हणाले, "मग आजच लागंल त्ये. सोड नाडा."

सुनेला सगळ्यांनी मिळून गाडीत निजवलं. मी मागच्या सीटच्या कडेला बसले आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. बाईंनी पुलापर्यंत गाडी माणूस चालतं तशी नेली. पुलाच्या माथ्यावर मिस्त्रींनी मोटेचा नाडा गाडीच्या मागच्या आसाला बांधला आणि दुसरं टोक जुवाला. बैलांची तोंडं कळंबकडं आणि गाडीचं तोंड बारामतीकडं. बाई खाली उतरल्या, बैलांपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "अहो, आता तुमच्यावर आहे. सावकाश." मग येऊन स्टिअरिंगवर बसल्या.

"सोडू का?" आबांनी हाक दिली.

"सोडा, आबा."

मी मागच्या काचेतून बघत होते. नाडा ताठ झाला. दोन्ही बैलांनी माना खाली घातल्या, खूर रोवले आणि एक पाऊल मागं टाकलं. मग दुसरं. आबा त्यांच्या बाजूनं उलटे चालत होते, एक हात नाड्यावर, आणि बैलांशी खालच्या आवाजात बोलत होते. मुलगा पुढं वेसणीपाशी. उताराच्या दोन्ही अंगांना माणसं जमली होती. मोटारीला मागून बैल जुंपलेले त्यांनी कधी बघितले नव्हते, पण कुणी हसलं नाही. कालव्याच्या पाण्याचा आवाज तेवढा येत होता.

अर्ध्या उतारावर सुनेनं डोळे उघडले. "नर्सबाई," ती म्हणाली, "गाडी अजून उभीच हाय का?"

"चाललीय गं," मी म्हटलं.

मी याच सीटवर किती वेळा पडले होते. कमरेत लागलं, ओटीपोटात लागलं, सगळं सांगून झालं होतं. कुठल्याच लायनरनं मला असं कधी नेलं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसूही शकले नाही, कारण दोन्ही हात तिच्या डोक्याखाली होते.

दुसरा पूलही तसाच उतरलो. पक्क्या रस्त्याला लागल्यावर मिस्त्रींनी नाडा सोडला. आबा म्हणाले, "तुमी व्हा म्होरं. आमी गाडी जुपून येतो." त्यांचे हात नाड्यानं सोलून निघाले होते. बारामतीपर्यंत बाईंनी एकदाही ब्रेकला पाय लावला नाही. एका ठिकाणी शेळ्या आडव्या आल्या, तर त्यांना काचेतून विनवण्या करत आम्ही त्यांच्या मागून चालत गेलो.

सरकारी दवाखान्यातले सर्जन आमच्याकडं आले. पोट चिरावं लागलं. रक्त गेलं, पण जायला नको तेवढं गेलं नाही. मी त्या दिवशी बाईंच्या हाताखाली उभी होते.

दिवेलागणीला दवाखान्यापुढं घुंगरांचा आवाज आला. आबा पोचले होते. तेच बैल, तोंडाला फेस आलेला. आबा खाली उतरले, पण पायरी चढेनात. जुवाला धरून तिथंच उभे राहिले. विचारायचं धाडस त्यांना होत नव्हतं. त्यांच्या फडक्यानं बांधलेल्या हाताकडं माझं लक्ष गेलं आणि मी पटकन सांगणार होते, एवढ्यात मागून बाई आल्या. अंगावर रक्ताचे डाग पडलेला एप्रन तसाच. त्या माझ्या शेजारून गेल्या, आबांच्याही शेजारून गेल्या आणि बैलांच्या पुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो," त्यांनी बैलांना सांगितलं, "मुलगी झाली बरं का. दोघीही सुखरूप आहेत. तुम्ही फार चांगलं काम केलंत."

मग त्यांनी दोघांच्या कपाळावरून हात फिरवला. आबांनी पागोटं काढलं, जुवावर डोकं टेकलं आणि ते मोठ्यानं रडायला लागले. बाईंनी त्यांना मनसोक्त रडू दिलं. त्यांचं झाल्यावर त्या वळल्या, एप्रनच्या खिशातून त्या विणलेल्या नमुन्याचा उरलेला अर्धा तुकडा काढला आणि त्यांच्या बांधलेल्या हातात ठेवला.

"आबा," त्या म्हणाल्या, "पुढच्या खेपेला कोरडे आणा."